जड सायकल

एखाद्या वस्तूला घरात एकदा एखादे विशेषण चिकटले, म्हणजे ते सहसा सुटत नाही. एक पाट डुगडुगणारा ठरतो, एक कुलूप हट्टी ठरते, एक दार कुरकुरे ठरते. आणि मग त्या पाटाखाली चकती सारावी, किंवा त्या कुलपात तेलाचे दोन थेंब सोडावे, असे दोनदोन पिढ्या कोणाच्या मनात येत नाही. वस्तूचा स्वभावच तसा, असे म्हणून माणसे तिच्याशी जुळवून घेतात. आमच्या घरातील एका सायकलीला असेच 'जड' हे विशेषण चिकटले होते, आणि ते साठ वर्षांहून अधिक काळ टिकले. वस्तुतः ती सायकल जड नव्हती. मागच्या चाकापासून हातापर्यंत यावयाची एक तार तिला नव्हती, एवढेच.

ही सायकल आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घेतलेली. मागच्या चाकाचा जो मधला तुंबा, ज्याला दुकानात हब म्हणतात, त्यावर ५१ हा आकडा ठोकलेला आहे. हे कारखान्याने हब तयार झाल्याचे साल नोंदण्यासाठी घातलेले असते. सायकल रॅले, हब स्टर्मी-आर्चर, दोन्ही नॉटिंगहॅमची. तिला तीन वेग होते. वेग बदलण्याची सारी यंत्रणा त्या तुंब्याच्या पोटात. बाहेर दिसावयाचा तो फक्त मुठीजवळचा एक खटका आणि त्यापासून मागे गेलेली तार. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात या खटक्याला मोठा मान होता. नाना बोळात शिरले की सायकलीचा बारीक 'टिक् टिक् टिक्' असा आवाज आधी येई, आणि आई चहाचे आधण चढवी.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले, आणि पुढे पुण्याचे काय झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. सायकल बोळातल्या खांबाला बांधलेली होती, म्हणून ती वाहून गेली नाही. पाणी ओसरल्यावर ती चिखलात आडवी सापडली. एका कारागिराने हब उघडून रॉकेलमध्ये धुतला, छर्रे बदलले, आणि चाक पुन्हा फिरू लागले. मात्र खटका मोडला होता, तार गंजून तुटली होती, आणि हबमधून बाहेर येणारी साखळीची लहानशी दांडी मुळाशीच मोडली होती. परदेशी मालावर त्या काळी निर्बंध होते; हे सुटे भाग मिळेनात. नानांनी पुष्कळ दिवस चौकशी केली आणि मग सोडून दिली. त्यानंतर ती सायकल जड झाली. नाना तीवरूनच कचेरीत जात. लकडी पुलाचा चढ आला की ते उतरून चालू लागत, आणि विचारणाऱ्यास सांगत, "पुराचे पाणी प्यायलीय ती. जड झालीय."

आता, तार तुटली म्हणजे सायकल जड का व्हावी, हे समजण्यासाठी त्या तुंब्याच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. वाचकांनी यंत्राच्या वर्णनास भिऊ नये. यात पंचांगाइतकीही गुंतागुंत नाही.

हबच्या मध्यभागी जो आस असतो तो फिरत नाही. त्याच्यावर वीस दात्यांचे एक चाक पक्के कोरलेले असते, त्याचे नाव सूर्य. त्याच्याभोवती वीस-वीस दात्यांची चार चाके एका पिंजऱ्यात बसवलेली असतात, ते ग्रह. आणि या सर्वांना वेढून आतल्या अंगास साठ दाते असलेले एक कडे असते. सूर्य स्थिर आणि ग्रह त्याच्याभोवती फिरते, ही योजना सायकलीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या यंत्रासाठी सूर्य-ग्रहांची एक जोडी १७८१ सालीच पेटंट करून ठेवली होती. आमच्या हबमध्ये हिशेब असा पडतो, की कड्याने एक फेरा घेतला तर ग्रहांच्या पिंजऱ्याचा पाऊण फेरा होतो. आणि उलट पिंजऱ्याने एक फेरा घेतला तर कड्याचा एक पूर्णांक एक तृतीयांश फेरा होतो. पायाने फिरवायचे कोणाला आणि चाकाला जोडायचे कोणाला, एवढ्या अदलाबदलीवर तिन्ही वेग निघतात. पायाने कडे फिरवून पिंजऱ्याने चाक ओढले तर हलका, चढाचा वेग. पिंजरा फिरवून कड्याने चाक ओढले तर जड, उताराचा वेग. आणि कडेच फिरवून कड्यानेच चाक ओढले तर जसेच्या तसे, म्हणजे मधला.

ही अदलाबदल करणारा एक लहान पोलादी तुकडा आसावर मागेपुढे सरकतो. एक स्प्रिंग त्याला सारखी आत ढकलीत असते आणि तार त्याला बाहेर खेचते. तार पुरती खेचली की हलका वेग, पुरती सोडली की जड. तारच नसेल तर? स्प्रिंग त्याला कायमची आत ढकलून ठेवणार, आणि सायकल जन्मभर उताराच्याच वेगात राहणार. आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४६ दाते आणि मागच्याला १८. चाक अठ्ठावीस इंची. मधल्या वेगात पायाच्या एका फेऱ्याला ती सुमारे ५.७ मीटर जाते, हलक्यात ४.३, आणि जडात ७.६. नाना त्या पुरानंतर बारा वर्षे प्रत्येक फेऱ्याला साडेसात मीटर जमीन ओढीत होते. पाणी प्यायल्याने नव्हे. बोटभर दांडी आणि हातभर तार यांच्या अभावी.

नाना गेल्यावर सायकल माळ्यावर पडली. पुढे आमचे थोरले बंधू दादा नोकरीतून निवृत्त झाले, त्यांनी खडकवासल्यास घर बांधले, आणि मागोमाग आम्हीही तेथे राहावयास गेलो. ज्या धरणाच्या पाण्याने ती सायकल बुडवली त्याच धरणाच्या सावलीला तिला आणून ठेवण्यात कोणास काही विचित्र वाटले असेल तर त्याने ते बोलून दाखवले नाही. दादांनी ती पुसली, टायर-ट्यूब घातल्या, आणि रोज सकाळी तीवरून धरणापर्यंत जाण्याचा परिपाठ ठेवला. खडकवासला हे एका अर्थी सायकलींचेच गाव आहे. जलाशयाच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील छात्र वर्गावरून वर्गावर सायकलींवरूनच जातात. आणि रविवारी पहाटे सिंहगड रस्त्याने पुण्याहून येणाऱ्या सायकलस्वारांची तर रीघ लागते. त्यांच्या सायकलींना मागे सातआठ दातेरी चाकांची उतरंड असते, साखळी एकीवरून दुसरीवर उडी मारते, आणि सारा कारभार उघड्यावर चालतो. या उघड्या कारभाराला आमची हरकत नाही. पण चिखल, धूळ आणि पावसाळा यांचा विचार केला तर झाकलेला कारभार बरा, असे आमचे जुनाट मत आहे.

गेल्या वर्षी दादांचे गुडघे दुखू लागले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की सायकल चालवण्यास हरकत नाही, उलट चांगलेच. पण जोर लावायचा नाही. नेमकी तीच अडचण होती. गावातून धरणाच्या पातळीस जाईपर्यंत रस्त्याला चढ आहे. तरुणांना तो कळतही नाही. पण साडेसात मीटर प्रत्येक फेऱ्याला ओढणाऱ्या म्हाताऱ्यास तो प्रत्येक पावलाला कळतो. दादांनी सायकल एका दुकानात दाखवली. तेथील तरुणाने चाक उचलून फिरवले, कान लावला, आणि निकाल दिला :

"काका, आतले दाते गेलेत. ऐका, टिकटिक करतंय. हे चाक काढून टाका, साधं फ्रीव्हीलचं चाक बसवून देतो. हे भंगारात द्या, लोखंडाचे पैसे येतील."

त्या तरुणास आम्ही दोष देत नाही. असला हब त्याने जन्मात पाहिला नसावा, आणि न पाहिलेल्या यंत्रास मेलेले ठरवणे हे पुष्कळ व्यवसायांत चालते. परंतु ती टिकटिक रोगाची नव्हती. मधल्या आणि जड वेगात आतल्या लहान खिट्ट्या दात्यांवरून निसटत जातात, त्यांचा तो आवाज. तो हब धडधाकट असल्याचीच खूण होय. हलक्या वेगात त्याच खिट्ट्या चाक ओढू लागतात, आणि आवाज थांबतो. नानांच्या येण्याची जी वर्दी आमच्या आईला मिळे ती हीच.

दादा घरी येऊन म्हणाले, "देऊन टाकू. आता पुरे झाले."

आम्ही म्हणालो, "दादा, आठ दिवस थांबा. तार घालून पाहू."

"तार? साठ वर्षांत मिळाली नाही, ती तुला आठ दिवसांत कोण देणार?"

येथे थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. हा त्रिवेगी हब १९०२ च्या सुमारास रॅलेचे धनी फ्रँक बाउडन यांच्या आश्रयाने निघाला. नाव पडले ते हेन्री स्टर्मी या पत्रकाराचे आणि जेम्स आर्चर या इंजिनिअरचे. ज्या विल्यम रायलीचे डोके त्यामागे होते त्याचे नाव मात्र तुंब्यावर आले नाही. कारण आपल्या शोधांचे हक्क त्याने अगोदरच दुसरीकडे बांधून दिले होते. शोधकांच्या इतिहासात हे काही नवे नव्हे. आमच्या सायकलीवरील ठेवण १९३६ साली आली आणि तिच्यात पुढे मूलतः फार थोडा बदल झाला. २००० साली हा व्यवसाय नॉटिंगहॅम सोडून तैवानातील सनरेस कंपनीकडे गेला. पण दांडी, साखळी, खटका आणि तार यांचा मेळ जुन्या हबशी आजही बसतो. १९६१ साली नानांना जे मिळाले नाही, ते आमच्या पुतण्याने घरबसल्या मागवले, आणि पाचव्या दिवशी ते एका खोक्यातून आले. खर्च एका बऱ्या चपलेच्या जोडाइतका.

तार जोडण्याचे काम आम्ही पडवीत बसून केले. दादा खुर्चीवर, आम्ही जमिनीवर, सायकल उलटी न करता भिंतीला टेकवलेली. हे काम बळाचे नाही. लांबी जुळवण्याचे आहे.

प्रथम दांडी. ही उजव्या बाजूने पोकळ आसातून आत जाते आणि त्या सरकत्या तुकड्यात आट्यांनी बसते. आसांच्या लांब्या निरनिराळ्या असतात, म्हणून दांडीही आसाजोगी घ्यावी लागते. ती अलगद शेवटपर्यंत फिरवावी आणि मग साखळी तारेच्या दिशेला सरळ येईल इतकी, म्हणजे फार तर अर्धा फेरा, मागे घ्यावी. अर्ध्याहून अधिक नव्हे. नाहीतर आटे थोडेच धरतात. दांडी बसल्यावर आम्ही साखळी बोटांनी ओढून पायडल फिरवून पाहिले. एका ओढीत टिकटिक तशीच राहिली, पण चाक मंदावले. आणखी ओढली, आणि टिकटिक बंद. दादा खुर्चीवरून वाकले. "पुन्हा ओढ बघू," असे त्यांनी तीनदा म्हटले. चौसष्ट वर्षे मुका राहिलेला तो वेग आत शाबूत होता.

मग तार. खटक्यापासून थोडे अंतर ती आवरणातून जाते. हे आवरण नळी दिसते तशी केवळ झाकण नव्हे. तार जेवढ्या जोराने ओढते तेवढ्याच जोराने आवरण उलट रेटते, आणि त्या रेट्याला टेकण्यासाठी आडव्या नळीवर एक पट्टी घट्ट बसवावी लागते. ही पट्टी केसभर जरी घसरली तरी तार तितकी सैल पडते, आणि मग मनुष्य हबला शिव्या देतो. आम्ही पट्टीखाली जुन्या ट्यूबचा एक तुकडा घातला. (अशा आवरणातल्या तारेचे पेटंट १८९६ सालचे, तेही एका बाउडनचेच, परंतु अर्नेस्ट बाउडन आणि रॅलेचे फ्रँक बाउडन यांचे आडनावापलीकडे नाते नव्हते.) पट्टीच्या पुढे तार उघडी धावते, बैठकीखालच्या कप्पीवरून वळते, आणि मागच्या चाकाकडे उतरून एका लहान नळकांड्याने साखळीला मिळते. या नळकांड्याला आटे असतात. ते फिरवून तारेची लांबी कमीजास्त करावयाची, आणि जुळली की मागून दुसरा नट आवळून ती कायम करावयाची.

जुळली हे ओळखावे कसे? येथे या यंत्राच्या कर्त्याने मोठी सोय करून ठेवली आहे. आसावरचा उजवा नट लांबट असतो आणि त्याला बाजूने एक भोक असते. खटका मधल्या वेगावर ठेवावा आणि त्या भोकातून आत पाहावे. दांडी संपून साखळी सुरू होते तो सांधा आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. आत गेलेला दिसला तर तार सैल, बाहेर आलेला दिसला तर ताणलेली. मधला वेग असा एकदा बसला, की दोन्ही टोकांचे वेग आपोआप जागेवर येतात. पहिला आधी बसवण्याच्या नादी लागलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत आटे फिरवीत बसतो.

हे काम आम्ही इतके सावकाश का केले, त्याचे कारण सांगितले पाहिजे. मधला वेग आणि जड वेग यांच्यामध्ये एक अशी जागा आहे, की जेथे तो सरकता तुकडा कड्यालाही धरीत नाही आणि पिंजऱ्यालाही धरीत नाही. त्या जागी पाय पुढे फिरतात आणि चाक फिरत नाही. तार किंचित सैल असली, तर मधल्या वेगावर असलेली सायकल ऐन जोराच्या क्षणी तेथे घसरते. सपाटीवर बसून चालवणाऱ्यास याने नुसता हिसका बसतो. पण चढावर पायडलांवर उभे राहून सारे अंग एका पायावर टाकलेले असताना तो पाय एकदम पोकळीत जातो, आणि माणूस दांडीवर आपटतो किंवा रस्त्यावर पडतो. विशीतल्या मुलास ते खरचटण्यावर निभावते. ऐंशीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर पुढे काय होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या भोकातून दिसणाऱ्या रेघेवर आमच्या दादांचे चालते-फिरते आयुष्य टेकलेले होते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही, आणि म्हणूनच त्या नळकांड्याच्या एकेका अर्ध्या फेऱ्यानंतर आम्ही खाली वाकून, बॅटरी धरून, पुन्हा पाहात होतो. सांधा जुळल्यावर खटका पहिल्यावर नेला, परत मधल्यावर आणला, आणि पुन्हा पाहिले. नवी तार पहिल्या ओढींत बसते. दुसऱ्यांदा जुळवावीच लागते. मग तिसऱ्यावर टाकून साखळी किंचित ढिली पडते की नाही, तेही पाहिले. शेवटी दोघांनी मिळून मागचा ब्रेक धरून पायडलावर हाताने भार देऊन तिन्ही वेग तपासले. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "एवढी परीक्षा यांनी मुलीला दाखवायला आलेल्या स्थळाचीही घेतली नव्हती."

तेलाचाही एक शब्द. हबवर लहानसे झाकण असते. त्यातून अधूनमधून चमचाभर पातळ यंत्रतेल सोडावे. घरातले गोडेतेल किंवा खोबरेल कधीही घालू नये. ते आत चिकटून खिट्ट्या आखडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा निघाले. आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या : वेग बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा, आणि चढावर उभे राहायचे नाही. पहिली त्यांनी ऐकली, दुसरीविषयी ते म्हणाले, "उभा राहायची पाळीच आली नाही, तर राहीन कशाला?" रस्त्याच्या वळणापर्यंत टिकटिक ऐकू येत होती. चढ सुरू होतो तेथे ती थांबली. ते उतरले तर नाहीत, या शंकेने आम्ही फाटकाबाहेर जाऊन पाहिले. ते बसलेलेच होते, आणि गुडघे सावकाश, सारख्या चालीने वरखाली होत होते. चारपाच चकचकीत सायकली त्यांच्या बाजूने भरकन पुढे निघून गेल्या. दादांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

तासाभराने परत आले तेव्हा ते चौपाटीच्या पुढे, डोणजाच्या रस्त्याने पाणी संपेपर्यंत जाऊन आले होते. चहा घेताना ते नानांविषयी बोलले. लकडी पुलावर नाना उतरून चालत ते, आणि आपण मागच्या कॅरिअरवरून उडी मारून सायकल ढकलू लागत असू ते. "बारा वर्षे," एवढेच म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

चौथ्या दिवशी तार पुन्हा थोडी ताणली गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. मधल्या वेगात एकदा बारीक कट् झाले होते. या वेळी पाना त्यांनी आमच्या हातून मागून घेतला, चष्मा बदलला, आणि स्वतः खाली बसून भोकातून पाहू लागले. अर्धा फेरा, मग पाव. मागचा नट आवळून झाल्यावर पुतण्यास निरोप गेला, की आणखी एक तार मागवून ठेव, आणि दांडीही. पुढेमागे ती मिळो न मिळो.